अकरा चितळांत माद्या किती? राज्य वन्यजीव मंडळाला खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ

विषय : हरणांच्या पारधीचा परवाना देण्याआधी किंवा नाकारण्याआधी कळपांची नर, मादी, पाडस अशी वेगळी मोजणी व्हावी आणि परवान्यावर मारलेल्या प्रत्येक जनावराची नोंद जाहीर व्हावी, याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

मी ठाण्यात राहतो, उपवन तलावापासून चालत दहा मिनिटांवर. वागळे इस्टेटमधल्या लहान कारखान्यांची खाती लिहिण्यात आयुष्य गेलं. जंगलाचं शिक्षण नाही, बंदूक कधी हातात धरली नाही, आणि मटण आता डॉक्टरांनी बंद केलंय. हिशेब जुळत नाही, एवढ्याच कारणासाठी हे पत्र लिहितोय.

काही वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री येऊरच्या जंगलात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला, प्राण्यांच्या मोजणीसाठी मचाणावर बसायला मिळालं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, की त्या रात्रीतला बराचसा वेळ डास मारण्यात जातो. पण पहाटे साडेचारच्या सुमाराला पाणवठ्यावर चितळं आली. आधी एक मादी, कान टवकारून. मग बाकीची. माझ्यासोबतच्या वनरक्षकाने तक्त्यात लिहिलं : वेळ, प्राणी, संख्या अकरा. मी सवयीने विचारलं, नर किती, माद्या किती? तो हसला. म्हणाला, "साहेब, चितळ अकरा. बस झालं की."

त्याची चूक नव्हती. त्याच्या तक्त्यात वेगळा रकानाच नव्हता. पण माझ्या डोक्यातून तो रकाना गेला नाही. मालाच्या नोंदवहीत "नग अकरा" एवढंच लिहिणाऱ्या कारकुनाला मी कामावर ठेवला नसता.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझा मेहुणा. त्याची शेती उमरेडच्या बाजूला, करांडल्याच्या जंगलाला लागून. कापूस, तूर, थंडीत हरभरा. हरभऱ्याचा शेंडा कोवळा असताना चितळांचा कळप रात्रीत उतरतो आणि सकाळी वावर न्हाव्याने कातरल्यासारखं दिसतं. त्याला मी समजुतीचे चार शब्द सांगायला गेलो तर म्हणाला, "भाऊजी, तुमच्या ठाण्यात बिबट्या आला तर टीव्हीवर येते. आमच्या इथं रोज रातच्याला चितळ येते, तर कोणी इचारत नाही." त्याच्या गावाची मागणी सरळ आहे. शेतीचं नुकसान केल्याबद्दल रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या पारधीचा परवाना अटींवर मिळू शकतो, तर चितळाचा का नाही?

हा प्रश्न मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. टाकायला नको होता. अर्ध्या तासात मी खुनी ठरलो. "एकही हरीण मरता कामा नये," असं लिहिणाऱ्यांत एक जण असा होता, की ज्याने घोडबंदर रोडच्या कडेचा फ्लॅट जंगल दिसतं म्हणून जास्त पैसे देऊन घेतलाय. पण दोन्ही बाजूंची एक गोष्ट सारखी होती. आकडा कोणाकडेच नव्हता.

परवाना पद्धत आपल्याला नवी नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद झाली, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. मूळ कायद्यात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार असे वेगवेगळे परवाने होते आणि चितळ, सांबर मोठ्या शिकारीच्या यादीत होते. रात्री मारायचं नाही, गाडीतून मारायचं नाही, पाणवठ्यावर किंवा जनावरं मीठ चाटायला येतात तिथे दबा धरायचा नाही, असे नियम होते. आणि विशेष परवानगी नसेल तर पाडस, मादी आणि शिंगांवर अजून मखमल असलेलं हरीण मारायचं नाही, असाही नियम होता. १९९१च्या दुरुस्तीने हे परवाने मोडीत निघाले. आज उरलंय ते मुख्यतः कलम ११ : जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरलं, तर अधिकारी कारण लिहून परवानगी देऊ शकतो.

मादी वाचवायच्या त्या जुन्या नियमावर मला थोडं थांबायचंय. वाचताना तो फार सुसंस्कृत वाटतो. पोटुशीवर हात उचलू नये, हे आपल्या मनात खोलवर आहेच. पण हिशेबात त्याचा अर्थ काय होतो?

समजा, एका रानात १०० चितळं आहेत : ३० नर, ५० माद्या, २० पाडसं. धरून चालू, की प्रत्येक मादीला वर्षाला एक पाडस होतं आणि त्यातली निम्मी जगतात. म्हणजे वर्षाला २५ची भर. आता २० परवाने दिले आणि वीसही नर पडले. उरले १० नर. चितळांत एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे ५० माद्या पूर्वीसारख्याच गाभण राहतात. भर तीच, २५. त्याऐवजी वीस माद्या पडल्या तर उरतात ३० आणि भर येते १५ची. परवान्याच्या वहीत दोन्ही वेळा आकडा एकच : वीस. कळपात मात्र एका वर्षात दहाचा फरक. शिवाय जन्माला न आलेल्या त्या दहांतल्या पाच-सहा माद्या पुढे व्यायल्या असत्या, तो फरक वेगळाच.

तेव्हा शेत वाचवायला परवाने दिले आणि फक्त नरच मारायला सांगितले, तर गोळ्या वाया गेल्या. उलट कळप आधीच रोडावलेला असेल आणि परवान्यावर नर-मादी काहीच लिहिलेलं नसेल, तर वीसच्या वीस माद्या पडून दोन-तीन वर्षांत रान सुनं होऊ शकतं. परवान्यावरच्या एका शब्दाने कळप वाढतो किंवा बसतो. तो शब्द लिहिणाऱ्याच्या समोर कळपाचा तक्ता नको?

अमेरिकेने हा धडा फार महागात घेतला. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या १९००च्या सुमाराला बेसुमार शिकारीने पाच लाखांवर किंवा त्याहूनही खाली आली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास मानतात. मधल्या काळात शिकार थांबली नाही, तिला नियम लागले. पण त्या नियमांतही चुका झाल्या. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९०७ मध्ये बिनशिंगी हरणं, म्हणजे माद्या आणि पाडसं, मारायला बंदी केली. लांडगे तर आधीच संपवले होते. पुढच्या काही दशकांत हरणं इतकी वाढली की त्यांनी जंगलाची खालची पालवी ओरबाडून टाकली आणि हिवाळ्यात उपाशी मरू लागली. मग बिनशिंगी हरणांचे वेगळे परवाने काढावे लागले, भागाभागाचा कोटा ठरवून. शिकारी खवळले. ज्या पिढीला मादी मारणं पाप असं शिकवलं, तिलाच आता मादी मारा म्हणून सांगायचं होतं.

विस्कॉन्सिन राज्याने १९९६ मध्ये आणखी कडक नियम काढला. आधी बिनशिंगी हरीण मारून आणा, नोंद करा, मग मोठ्या शिंगांच्या नरावर नेम धरायचा हक्क मिळेल. भिंतीवर शिंगं लावायची हौस असलेल्यांना तो अजिबात आवडला नाही. कळप आटोक्यात ठेवायला नियम उपयोगी पडत होता, तरी २०११ मध्ये तो लोकप्रतिनिधींनी रद्द केला. लोकप्रिय नियम आणि उपयोगी नियम यांत निवडायची वेळ आली की काय होतं, ते आपल्याला विस्कॉन्सिनकडून शिकायची गरज नाही.

कोट्याचा दुसरा सापळा आकड्याचा आहे, आणि आपल्या कार्यालयीन सवयींचं मला जास्त भय तिथेच वाटतं. एकदा "५०" असा आकडा आदेशात छापला गेला की तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. कळप ५००चा असताना ५० म्हणजे दहा टक्के. एका दुष्काळात कळप ३००वर आला आणि आदेश तोच राहिला, तर ते जवळजवळ सतरा टक्के. पुढच्या वर्षी कळप आणखी खाली, टक्का आणखी वर. कागदावर मर्यादा पाळली गेली आणि रान रिकामं झालं. म्हणून मर्यादा दरवर्षी मोजणी करून ठरते, ठरायला हवी. मोजणी झाली नाही त्या वर्षी परवाने शून्य, असा नियम असता तर मोजणी आपोआप वेळेवर झाली असती, हा माझा हिशेबनिशी कुजकटपणा.

उलटही होतं, तेही सांगायला हवं. कळप दाट असेल तर काही हरणं उन्हाळ्यात नाहीतरी मरणारच असतात. त्यातली काही आधी मारली, तर उरलेल्यांच्या ताटातला वाटेकरी कमी होतो, माद्या धडधाकट राहतात, पाडसं जास्त जगतात. मघाच्या हिशेबातली १५ची भर प्रत्यक्षात अठरा-वीस होऊ शकते. म्हणून थोडीथोडकी पारध करून दाट कळप उतरत नाही. आपलंच चितळ याचा पुरावा आहे. टेक्सासमध्ये ते १९३२च्या सुमाराला नेलं. तिथे परक्या जनावराला ना शिकारीचा ठरावीक हंगाम, ना मारण्याच्या संख्येची मर्यादा. शिकारीचा साधा परवाना असला की वर्षभर मारा. तरी टेक्सासमधल्या परक्या खुरी जनावरांत चितळ आज पहिल्या नंबरवर आहे. हवाईच्या मोलोकाई बेटावर १८६८ मध्ये राजाला भेट म्हणून चितळं आली आणि आज ती तिथल्या शेतकऱ्यांची डोकेदुखी आहेत. अंदमानात इंग्रजांनी सोडलेल्या चितळांनी बेटांमागून बेटांवर कोवळी रोपं खाऊन जंगलाची नवी पिढी खुंटवली. या तिन्ही ठिकाणी चितळ आहे, पण त्याला खाणारा वाघ नाही, बिबट्या नाही, कोळसुंदा (रानकुत्रा) नाही.

इथे मी परत येऊरला येतो.

आमच्या डोंगरावर बिबट्या आहे, आणि तो कोणाच्या सहीची वाट पाहत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला ठाणे, नागला बंदरचा तुकडा घोडबंदर रोडपलीकडे पडलेला. उद्यान आणि आसपासच्या जंगलात २०१८च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत ४७ बिबटे मिळाले. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक ओळखून, नर-मादी वेगळे करून. म्हणजे खाणाऱ्याची आपण इतकी बारीक मोजदाद करतो आणि पाणवठ्यावर त्याचं खाणं येतं तेव्हा लिहितो, "अकरा". शास्त्रज्ञ ठरलेल्या रेषांवर चालून भक्ष्याची घनता काढतात, व्याघ्र प्रकल्पांत ते नियमाने होतं, हे मला माहीत आहे. पण ते होतं संरक्षित जंगलात. परवान्याची मागणी येते ती जंगलाच्या बांधावरून, जिथे रात्री खाऊन सकाळी आत जाणारा कळप कोणाच्याच मोजणीत नीट बसत नाही.

बिबट्याची पारध आणि माणसाची पारध यांत फरक असतो. बिबट्या पाडसं उचलतो, म्हातारं आणि लंगडं उचलतो, मादी की नर हे बघत बसत नाही. बंदूक धट्टाकट्टा नर शोधते. फासकी तर काहीच शोधत नाही. येऊर-मानपाड्याच्या बाजूला वनरक्षक गस्तीत फासक्या काढतात, त्यांना विचारा. डुकरासाठी लावलेल्या तारेत चितळ अडकतं, भेकर अडकतं, बिबट्याही अडकतो. ती पारधच आहे, बिनपरवान्याची आणि बिनमर्यादेची, आणि कुठल्याच वहीत नसलेली. शिवाय मोकाट कुत्री पाडसं मारतात आणि रात्री गाड्या हरणांना उडवतात. कोटा ठरवताना ही सगळी वजाबाकी आधी करावी लागते. हिशेबात उचल लपवली की शिल्लक खोटी निघते, आणि जंगलात ती खोटी शिल्लक बिबट्याला कळते. हरीण कमी झालं की तो कुत्र्यामागे, शेळीमागे खाली उतरतो. मग आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्या पकडायची मागणी येते. बहुधा त्याच माणसाकडून.

(एक फाटा फोडतो. मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण दरवर्षी शिंगं झडून नवी फुटणारी ती सारंग कुळातली : चितळ, सांबर, भेकर. काळवीट, चौशिंगा, रोही यांची शिंगं झडत नाहीत, ती कुरंगांकडची. शेतकऱ्याच्या तक्रारीत आणि कधीकधी पंचनाम्यातही नुसतं "हरीण" लिहिलेलं असतं. परवान्याचा विषय निघेल तेव्हा हा गोंधळ परवडणारा नाही.)

"एकही मारू नका" म्हणणाऱ्यांनाही मी उत्तर देणं लागतो. दिल्लीत हौज खासच्या हरीण उद्यानात १९६०च्या दशकात सहा चितळं सोडली होती. कुंपण, चारा, प्रेम सगळं होतं, फक्त वाघ नव्हता. ती वाढून सहाशेच्या घरात गेली. २०२३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्या उद्यानाची मान्यताच काढली आणि चितळं राजस्थानच्या जंगलात न्यायची वेळ आली. आपण काहीच ठरवलं नाही, तर उपासमार, रोग आणि कुत्री मिळून आपल्या जागी ठरवतात. तेही एक प्रकारचं कोटा देणंच, फक्त सही कोणाची नसते.

मग माझ्या मेहुण्याला चितळाचा परवाना द्यावा का? माझं मत : आज नाही. निम्मं आयुष्य जंगलात काढणारा आणि अभयारण्यातल्या वाघाचं खाणं असलेला कळप बांधावर मोजल्याशिवाय मारायला देणं म्हणजे पासबुक न बघता चेक फाडणं. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. मध्य प्रदेशात बोमा पद्धतीने, नरसाळ्यासारखं आवार उभारून, चितळांचे कळपच्या कळप न मारता पेंचहून सातपुड्यात हलवले गेले. कायद्यात त्याला जागा आहे. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली तर निम्मा राग ओसरतो. पण "आज नाही" याचा अर्थ "कधीच नाही" असा मी घेत नाही. बांधावरचा कळप तीन-चार वर्षं सलग मोजला, तो वाढतोच आहे आणि त्यात माद्या किती हे कळलं, आणि हलवूनही भागलं नाही, तर मादीचा परवाना काढायला वन खात्याने कचरू नये. तेव्हा ठाण्यातले आम्ही ओरडू. ओरडू द्या.

डुक्कर आणि रोही यांच्या चालू परवान्यांबाबत मात्र आजच करण्यासारखं काम आहे. परवाने किती दिले, हे खात्याला माहीत असतं. प्रत्यक्ष मारले किती, त्यात नर-मादी किती, पोटुशा किती, हे वनपरिक्षेत्राप्रमाणे दरवर्षी जाहीर करा. त्यात एक अडचण आहे आणि ती कायद्यातच आहे. परवान्याने मारलेलं जनावर कलम ३९प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतं. अमेरिकेतला शिकारी हरीण घरी नेतो, फ्रीझर भरतो, म्हणून त्यावर टॅग लावतो आणि नोंद करतो. आपल्या शेतकऱ्याला मांस घेता येत नाही आणि गोळी स्वतःच्या खर्चाची. वर पंचनाम्याला ताटकळायचं. त्याने नोंद का करावी? नोंद करणाऱ्याला निदान भरपाईच्या रांगेत पुढे घ्या, गोळीचा खर्च द्या. काहीतरी द्या, म्हणजे आकडा घरी येईल.

उपद्रवी प्राणी म्हणून सरसकट जाहीर करायचा सोपा रस्ता तर धरूच नका. बिहारमध्ये डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेने रोही आणि रानडुक्कर यांना ते लेबल लागलं आणि जून २०१६ मध्ये मोकामाच्या भागात दोनशेहून जास्त रोही मारले गेले. देशभर गदारोळ झाला तो मारण्यावरून. मला खटकलं ते वेगळं. त्या लेबलाबरोबर परवाना जातो, आणि परवान्याबरोबर नोंद जाते.

येऊरसाठी मागणी अगदी लहान आहे. पुढच्या बुद्ध पौर्णिमेच्या तक्त्यात चितळ-सांबरांपुढे तीन रकाने वाढवा : शिंगवाले, बिनशिंगी मोठे, पाडसं. पौर्णिमेच्या उजेडात दुर्बिणीतून एवढं दिसतं. न दिसलेल्यांसाठी चौथा रकाना ठेवा, त्यात लाज नाही. एका रात्रीच्या मोजणीने एकूण संख्या कळत नाही, हे मान्य. पण दर मादीमागे पाडसं किती, हे गुणोत्तर दहा वर्षं लिहिलं तर कळप चढतोय की उतरतोय, हे कळायला पुष्कळ आहे. मचाणावर रात्रभर जागायला ठाण्यात हौशी माणसांची कमतरता नाही.

शेवटी एक कागद. मेहुण्याने गेल्या वर्षी रानडुकरांसाठी अर्ज केला, परवाना मिळाला. गावात परवान्याची बंदूक असलेला एकच माणूस, तो मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलेला. मुदत संपली. डुक्कर मेलं की नाही, मेलं तर किती, हे विचारायला त्या कार्यालयातून आजवर कोणी आलेलं नाही. खात्याच्या वहीत तो "दिलेला परवाना" म्हणून एक आकडा झाला असणार. नाव-गाव खोडून त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
येऊरच्या पायथ्याचा एक हिशेबनीस
ठाणे (पश्चिम)